झाकलेलं वर्ष

सान साल्वादोर, एन्त्रे रिओस
३ एप्रिल २०२३

सेन्योर आमिल्कार,

त्या सकाळी मी चूल पेटवली, कोंबड्यांना मका टाकला, रात्रीची भांडी घासली आणि एवारिस्तोचा गिरणीचा निळा सदरा तारेवरून काढून ओलसर होता तोवरच इस्त्रीला घेतला. तो टेबलाशी बसला होता. एका हातात कडू येर्बा-चहाचा पेला, दुसरा हात कॉम्प्युटरवर, आणि एकटाच हसत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. दारवानाने एकाला झाडून काढलं."

मी सदरा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवली. पुढे काही विचारलं नाही. अशा हजार सकाळी गेल्या असतील, पण मला हीच आठवते, कारण तो दारवान म्हणजे तुम्ही, हे मला आता कळलं आहे.

मी देल्मिरा, एवारिस्तो हाउसेरची बायको. तुमच्या वेरेदा साइटवर तो 'बालान्सेरो' म्हणून लिहायचा. काटेवाला. तांदळाच्या गिरणीत ट्रक तोलायचा काटा तीस वर्षं त्याच्या ताब्यात होता. दर सुगीनंतर तो तुम्हाला तांदळाची पिशवी पाठवायचा, त्या पार्सलांच्या पावत्या खणात सापडल्या. त्यावर तुमचा पत्ता होता.

तो २०२० च्या नोव्हेंबरात गेला. तुम्हाला कळलं की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच नावावरून वेरेदावर दोन ओळी लिहिल्या होत्या: बालान्सेरो काल वारला, त्याची बायको लिहीत आहे. सकाळी पाहिलं तर त्या तिथे नव्हत्या. माझं कुठलं तरी बटण चुकलं असेल असं वाटलं, आणि पुन्हा लिहायचं धैर्य झालं नाही.

शाळा मी चौथीत सोडली. त्यानंतर जे वाचायला आलं ते आपलं आपण, औषधांच्या बाटल्यांपासून वाचनालयाच्या पुस्तकांपर्यंत. तो गेल्यावर मी त्याने वेरेदावर लिहिलेलं वाचायला घेतलं. आधी तुमची खुर्च्यांची न् झाडूची भाषाच कळेना. बातमी आवडली की तिला एक खुर्ची द्यायची, नाही आवडली की झाडू मारायचा, जास्त खुर्च्या मिळाल्या ती वर, फार झाडू पडले ती बाहेर, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला तुम्ही दारवान. संध्याकाळी घरापुढच्या फुटपाथवर, म्हणजे वेरेदावरच, आपण बसतो तसंच, हे कळल्यावर सोपं गेलं. २००९ पासून सुरुवात केली. दिवसाला पाच नोंदी वाचते. जास्त नाही. संपून जाईल म्हणून. आता २०१६ मध्ये आहे.

गेल्या आठवड्यात पानावर पाटी लागली की ३० जूनला वेरेदा बंद. घाबरून मी पहिल्यांदाच पुढे उडी मारली. २०१९ च्या नोव्हेंबरापासून त्याच्या शेवटापर्यंत नुसत्या करड्या पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर लिहिलंय: 'झाकलेलं. फक्त दारवानांसाठी.'

तुम्ही दारवान आहात. ते वर्ष मला उघडून द्याल का?

फोन करू नका. फोनवर मला हो आणि नाही एवढंच जमतं. कागदावर बोलता येतं, आणि तुमचं उत्तर पुन्हा वाचता येईल.

देल्मिरा


रोसारिओ
१२ एप्रिल २०२३

आदरणीय दोन्या देल्मिरा,

मी कवळ्या बनवतो. तुमचं पत्र आलं तेव्हा हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता. तो अजून टेबलावर तसाच पडलाय.

मला माहीत नव्हतं. दोन सुग्या तांदूळ आला नाही, तेव्हा वाटलं काटेवाला आमच्यावर रागावला. आमच्याकडे माणसं रागावूनच जातात. एक दिवस दार आपटतात, महिन्याभराने परत येतात, नाहीतर येत नाहीत. कुणी मेलं असेल असं डोक्यात येतच नाही.

तुम्ही त्याला वेरेदावर पाहिलं असतं तर! २०११ साली सकाळी आठ वाजता अकरा हजार माणसं बसलेली असायची. कुणी तरी धापा टाकत मोठी बातमी आणायचं, सगळे टाळ्या पिटायचे, आणि खाली काटेवाल्याची एक ओळ यायची: "आधी ट्रक वजा करा, मग तांदूळ सांगा." निम्म्या बातम्या तिथेच बसायच्या. मी त्याला एकदा लिहिलं, "तुमच्यामुळे आम्हाला काही करमणूकच उरत नाही हो." तर म्हणाला, "करमणूक हवी तर सर्कशीत जा, इथे रिकामा ट्रक आणू नका."

काल मी मोजलं. चौदा जण होते. त्यांतली नऊ माणसं नव्हती, वजन उतरवायचा चहा विकणारी यंत्रं होती. आम्ही चाळीस दारवान होतो, आता तिघे. पहिल्या मालकांनी साइट विकली. दुसऱ्यांनी झाडूच काढून टाकला, म्हणे झाडू दिसला की जाहिरातदार बिचकतात. तिसरे कोण आहेत ते मला ठाऊक नाही, पत्र लिहिलं की यंत्र उत्तर देतं. माणसं उठून गेली, जिथे दारवान लागतच नाही तिथे. भांडून गेली असती तरी बरं वाटलं असतं. एकेकाने खुर्ची उचलली न् गेला.

झाकलेलं वर्ष उघडता येतं. नियमाप्रमाणे दोन दारवानांची संमती लागते आणि पुरावा लागतो. एवारिस्तोच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवा. वाईट वाटून घेऊ नका. वेरेदावर पुराव्याशिवाय काही चालत नसे, म्हणून तर ती वेरेदा होती. ते वर्ष कशासाठी झाकलं गेलं, ते मला जुन्या नोंदींत पाहावं लागेल.

तुमचा,
आमिल्कार बेर्तोने


सान साल्वादोर
२० एप्रिल २०२३

सेन्योर आमिल्कार,

दाखला सोबत आहे. नोंदणी कचेरीतला माणूस विचारत होता, "आता अडीच वर्षांनी कशाला हवाय, दोन्या?"

"इंटरनेटवर दाखवायचाय."

"इंटरनेटला मेलेल्या माणसाचं काय करायचंय? तिथे जिवंतांना कुणी विचारत नाही."

पण शिक्का नीट मारून दिला.

तुम्ही दोघे हसायचात ते वाचून बरं वाटलं. घरात तो कमी बोलायचा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे बोलायला कुणी तिसरंही नव्हतं. तिथे मात्र माझ्याबद्दलही लिहायचा हे मला वाचताना कळलं. मला 'मालकीण' म्हणतो. "मालकीण म्हणते, मंत्र्याला अंड्याचा भाव माहीत नसेल तर कोंबडीला विचारावं." हे मी खरंच म्हणाले होते. मला वाटलं होतं त्याने ऐकलंच नाही. २०१४ मध्ये एका ठिकाणी आमच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाबद्दल चांगल्या वीस ओळी आहेत. त्या झाडाबद्दल माझ्याशी तो वीस शब्द बोलला नसेल.

ते वर्ष मला का हवं आहे, ते तुम्हाला सांगायला हवं. त्याच्या कागदांत मला कोन्कोर्दियाच्या दवाखान्याचा अहवाल सापडला. ९ डिसेंबर २०१९ ची तारीख आहे. मला त्याने ऑगस्टमध्ये सांगितलं. आठ महिने त्याला माहीत होतं आणि तो रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. मी त्याला "मीठ कमी झालंय का?" विचारत होते आणि तो "नाही, बरोबर आहे" म्हणत होता.

त्या आठ महिन्यांत तो कुणाशी तरी बोलला असेलच. माझ्याशी नाही. म्हणजे तिथे. काय बोलला ते मला वाचायचंय. चांगलं असो, वाईट असो.

शेजारची रोसाउरा म्हणते, "मेलेल्याच्या कागदांत नाक खुपसू नकोस, कोमाद्रे. एखादी बाई निघेल."

"निघू दे," मी म्हटलं. "निदान तिला तरी माहीत असेल."

देल्मिरा


रोसारिओ
८ मे २०२३

आदरणीय दोन्या देल्मिरा,

दाखला मिळाला. प्रत वाचता येण्यासारखी आहे, शिक्का स्पष्ट आहे. मी रीतसर अर्ज तयार करून दुसऱ्या दारवानाकडे मेन्दोसाला पाठवला आहे. तो लांब पल्ल्याची बस चालवतो, तेव्हा उत्तर द्यायला वेळ लावतो, पण माणूस सरळ आहे. त्याची संमती आली की पट्ट्या आपोआप निघतील आणि तुम्ही तुमच्या टेबलाशी बसून वाचाल. एक-दोन आठवडे धरा.

हे नीट, नियमाने व्हावं असं मला वाटतं. एवारिस्तोलाही तसंच आवडलं असतं.

तुमचा,
आमिल्कार


सान साल्वादोर
२२ मे २०२३

सेन्योर आमिल्कार,

पट्ट्या अजून आहेत. पूर्वी त्यांच्यावर अक्षरं होती, गेल्या आठवड्यापासून तीही दिसत नाहीत, नुसतं करडं आहे. उघडायच्या आधी असंच होतं का?

उघडं आहे ते आता दिवसाला तीस वाचते आणि वहीत उतरवून घेते. छापायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि वाचनालयातलं बिघडलेलं आहे. उभ्या उभ्या जेवल्यासारखं वाटतं. २०१७ सुरू केलं. दोन वर्षं मी कंजुषीने वाचलं याची आता लाज वाटते.

इथे पहिलं दहिवर पडलं. तुमच्या पत्राची वाट पाहते.

देल्मिरा


रोसारिओ
२ जून २०२३

आदरणीय दोन्या देल्मिरा,

आनंदाची गोष्ट आहे. झाकलेल्या वर्षातली एक नोंद माझ्या हाती लागली. बाकीचं सगळं बातम्यांवरचं, कोरडं आहे. त्यासाठी तुम्ही जीव टांगून ठेवावा असं काही नाही. ही तेवढी तुमची आहे. १४ फेब्रुवारी २०२० ची. मी जशीच्या तशी उतरवतो:

"डॉक्टरांनी माझं वजन सांगितलं. आता ट्रक वजा करायचंही कारण उरलं नाही. मालकीण अंगणात संत्र्याच्या झाडाखाली कोंबड्यांना मका टाकते आहे आणि काहीतरी गुणगुणते आहे. आज तिला सांगणार नाही. उद्याही नाही. तिचं गुणगुणणं मोडायला मी फार भित्रा आहे, आणि ती फार चांगली आहे."

हे तुम्हाला मिळालं, आता मला शांत वाटतं.

तुमचा,
आमिल्कार


सान साल्वादोर
९ जून २०२३

सेन्योर आमिल्कार,

मी ते चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी रडले. दुसऱ्या वेळी रोसाउराला बोलावून वाचून दाखवलं, ती माझ्यापेक्षा जास्त रडली. तिसऱ्या वेळी वहीत उतरवायला घेतलं आणि हात थांबला.

मी गुणगुणत नाही. आयुष्यात कधी नाही. माझी आईसुद्धा म्हणायची, ही पोरगी म्हणजे मुकी घंटा आहे.

संत्र्याचं झाड २०१८ च्या गारपिटीत मोडलं. त्याचा बुंधा एवारिस्तोने स्वतः खणून काढला. २०२० साली तिथे दोऱ्या होत्या, कपडे वाळत घालायच्या.

आणि साडेचार हजार नोंदी मी वाचल्यात. त्यांत त्याने कुणालाही 'फार चांगली' म्हटलेलं नाही. मलाच काय, देवाच्या आईलाही नाही.

मग मी तुमचं पत्र माझ्या पत्रांच्या शेजारी ठेवलं. कोंबड्या, मका, मालकीण, झाड. तुमच्या त्या नोंदीत जे जे आहे ते मीच तुम्हाला लिहिलेलं आहे. ट्रक तेवढा तुमचा.

तुम्ही ते चांगल्या मनाने केलंत हे मला कळतं. पण मला एवारिस्तोचं हवं होतं, आणि आता चौथ्यांदा वाचल्यावर ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून निघत नाही. त्याच्या आवाजात ऐकू येतं. हे तुम्ही काढून घेऊ शकत नाही आणि मीही नाही.

तुम्ही माझ्याकडे नवऱ्याच्या मरणाचा पुरावा मागितलात. मी पाठवला. आता मी मागते. काय झालं ते लिहा.

देल्मिरा


रोसारिओ
१७ जून २०२३

दोन्या देल्मिरा,

ते वर्ष गेलं. १५ मे ला मालकांनी साफसफाई सुरू केली. बंद करायच्या आधी झाकलेल्या नोंदी सगळ्यांत आधी पुसून टाकल्या, त्यांच्या दृष्टीने तो कचरा होता. मेन्दोसाहून संमती १८ तारखेला आली. मी विनवण्या करून चार पत्रं लिहिली. यंत्राने चारही वेळा माझे आभार मानले.

ही अर्धी गोष्ट झाली.

तुमच्या दोन ओळींचं बटण चुकलं नव्हतं. त्या वेरेदावर नीट दिसल्या. तासाभरात त्यांना एकशेचाळीस झाडू पडले. खाली लोक लिहीत होते: "पुरावा?" "खोटं!" "खुर्च्या मिळवायला आता मेलासुद्धा!" दर महिन्याला आमच्याकडे कुणी तरी मरायचं, दोन्या. सहानुभूती गोळा करायचं आणि आठवड्याने हसत परत यायचं. म्हणून पुराव्याची सवय. मी शोधलं. तुमच्या गावच्या पेपरची साइट नाही. मरणाची बातमी तुमच्याकडे रेडिओवर सांगतात आणि भोंग्याच्या गाडीतून, त्याची लिंक देता येत नाही. मला काही सापडलं नाही. जे सापडत नाही ते झालेलं नाही, असं आम्ही मानायचो.

मग मी पाहिलं, मशीन तेच, पण टाइप करणारा हात वेगळा. एका नावावर दोन माणसं लिहितात असं दिसलं की मागचं एक वर्ष झाकायचं, असा नियम होता. मी तुमच्या ओळी झाडून काढल्या आणि वर्ष झाकलं. चार मिनिटं लागली. मग मी कुणाच्या तरी दाढा घासायला बसलो.

झाकलेल्या नोंदी दारवानाला दिसतात. १२ एप्रिलला, तुमचं पत्र समोर असताना, मी त्या उघडून उतरवून घेऊ शकलो असतो. दाखला लागत नव्हता. मेन्दोसाही लागत नव्हता. पण प्रत्येक पट्टीखाली झाकणाऱ्याचं नाव असतं. ते मला पुन्हा पाहायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नियमाने उघडलं असतं, तर नियमाने झाकलं होतं तेही बरोबर ठरलं असतं. मला ते हवं होतं. त्यासाठी मी तुमचे पाच आठवडे घालवले.

तुम्ही विचाराल, त्यांत काय होतं. मला माहीत नाही. झाकताना मी वाचलं नाही. दारवान वेळ पाहतो, मशीन पाहतो, मजकूर पाहत नाही. एखादी ओळ जरी आठवत असती तर मला बनवावी लागली नसती.

माफी मागत नाही. तुम्ही ती ठेवणार कुठे?

आमिल्कार


सान साल्वादोर
३ जुलै २०२३

आमिल्कार,

तुमचं पत्र २३ जूनला मिळालं. लगेच उत्तर लिहिलं नाही कारण हात वहीत गुंतला होता.

मी रागावले का, असं रोसाउरा विचारते. मला सांगता येत नाही. तुमच्या पत्रातली एकशेचाळीस माणसं डोळ्यांसमोर येतात. त्यांतली कित्येक नावं मला ओळखीची असणार. एवारिस्तोने त्यांच्या मुलांच्या परीक्षांबद्दल विचारलेलं मी वाचलं आहे, त्यांच्या आयांच्या ऑपरेशनबद्दल वाचलं आहे. इतक्या वर्षांत त्याने कुणाकडे पुरावा मागितलेला नव्हता, अशा घरच्या गोष्टींत तरी नाही.

तुम्ही म्हणता पाच आठवडे तुम्ही घालवलेत. दोन वर्षं मी घालवली. ते वर्ष झाकलेलं होतं, पण त्याच्या आधीची तीन वर्षं उघडी होती, पानावर, कुणीही वाचावी अशी. रोज पाच वाचून मी उठायचे, भूक ठेवून. मला वाटायचं, हे कुठे जाणार आहे?

पाटीवर ३० जून लिहिलं होतं. २८ ला सकाळी अकराला गेलं. मी मार्च २०१८ मध्ये होते. नदीवरच्या पुलाच्या बातमीखाली त्याने लिहिलं होतं, "पूल झाला तर आमच्याकडचे ट्रक" आणि एवढं उतरवून मी मान वर केली तर पडदा पांढरा होता. पुढे काय, ट्रकांचं काय होणार होतं, ते मला माहीत नाही. मी दुपारपर्यंत तशीच बसले, पुन्हा पुन्हा बटण दाबत. दोनदा वीज बंद करून चालू केली. रोसाउराने सूप आणून ठेवलं, ते गार झालं.

वह्या अकरा भरल्या आहेत. शेवटचं वाक्य अर्धं आहे. मी ते पूर्ण केलं नाही. तुम्हीही करू नका.

मेन्दोसाच्या त्या बसवाल्याला सांगा की त्याची सही वेळेवर आली नाही याचा त्याने विचार करत बसू नये. त्याला यातलं काही माहीत नसेल तर सांगूच नका.

आणखी पत्र लिहू नका. राग म्हणून नाही. तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणाकडेच नाही. आपण लिहीत राहिलो तर तुम्ही आठवून आठवून सांगाल, मी वाचून वाचून तपासेन, आणि दोघांनाही काही मिळणार नाही. तुम्हाला तो माझ्याहून जास्त बोलका भेटला. तेवढं तुमच्याकडे राहू द्या.

२९ तारखेला सकाळी मी को-ऑपरेटिव्हच्या कचेरीत गेले आणि घरातलं इंटरनेट बंद करून टाकायला सांगितलं.

देल्मिरा